रिपोर्टात पामिटिक अ‍ॅसिड लाल, जाऊबाईच्या हातात कॅप्सूल, आता मी काय करू?

पत्र थोडक्यात सांगते. दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं आहे, वय ४१, उंची ५ फूट, वजन ७१ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर. आधी शेतात जायच्या, आता घरीच शिलाई मशीन चालवतात. गुडघे दुखतात, दुपारनंतर अंग गळून जातं. गावात तपासणीचा कॅम्प आला होता, तिथे मोठं पॅकेज घेतलं, रिपोर्ट आला आणि घरात गोंधळ सुरू झाला. त्यांच्याच शब्दात: "पामिटिक अ‍ॅसिड लाल हाय, ओमेगा सिक्स अन् थ्रीचा रेशो लाल हाय, सीआरपी (आतली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४.६ लाल हाय. माही जाऊ म्हणते का तुह्या रक्तातल्या चरबीनं आतून सूज येऊन राह्यली, सरकीचं तेल बंद कर अन् ह्या ओमेगाच्या कॅप्सूल घे, तीन महिन्याचा कोर्स हाय. मालक म्हणते तूप खाय, तुपानं काही होत नाही. मंग मी खाऊ का नोको? अन् जाऊले नाही म्हणू तं कसं म्हणू, थे चेनमधे (माल विकणाऱ्या कंपनीच्या साखळीत) हाय, नाराज होईन."

ताई, तुम्ही पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी झूम करकरून पाहिला. लाल अक्षरांनी तुमची झोप उडवली आहे हे कळलं, पण मला जो आकडा खटकला तो लाल नाहीच आहे, साध्या काळ्या शाईत पहिल्याच पानावर गपचूप बसलाय. उपाशीपोटी शुगर १०८. तुमच्या लॅबनं नॉर्मलची रेंज ७० ते ११० छापली म्हणून तो सुटला. जागतिक आरोग्य संघटना ११० पासून पुढे सीमारेषा धरते, अमेरिकन डायबिटीस असोसिएशन १०० पासूनच प्री-डायबिटीस म्हणते, आणि तुमची कंबर ९८ असताना मी तरी १०० वालाच नियम लावीन. त्याच्या शेजारी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२, जे १५० च्या आत पाहिजे. या दोन आकड्यांवर कोणी बोललं नाही कारण त्याच्यावर विकायला कोणाकडे कॅप्सूल नव्हती, असं माझं आपलं वाईट मन म्हणते.

आता तुमचा मेन प्रश्न. जाऊबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही बरं का, अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटकन पटते. लठ्ठपणात रक्तात फिरणारे चरबीचे सुटे घटक, म्हणजे काही फॅटी अ‍ॅसिड आणि आतली बारीक बारीक सूज यांचं नातं आहे हे पक्कं आहे. पण ती सूज पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो तशी नाही, ती डोळ्याला दिसतच नाही, ती रक्तात मोजावी लागते आणि वर्षानुवर्षं मंद चालू राहते. (पायावर खड्डा पडणारी सूज असेल तर तो वेगळाच विषय, त्यावर शेवटी बोलते, तेवढं वाचल्याशिवाय पान बंद करू नका.)

हे होते कसं ते सांगते. पोटाची, मांडीची चरबी ही पेशींची बनलेली असते, एकेक पेशी आपल्या पोटात तेलाचा थेंब धरून बसलेली. आपण जेवलो की इन्सुलिन वाढते आणि ते या पेशींना सांगते की आता काही सोडू नका, उलट भरून घ्या. रात्री झोपेत, उपाशी असताना इन्सुलिन खाली येते, मग पेशी थोडे थोडे फॅटी अ‍ॅसिड रक्तात सोडतात आणि आपले स्नायू, हृदय, लिवर ते जाळून काम चालवतात. हे तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगात रोज रात्री चालते, त्यात आजार काहीच नाही. भानगड कुठे होते तर वजन वाढत गेलं, पेशी फुगल्या, जागाच उरली नाही, की त्या इन्सुलिनचं ऐकत नाहीत, म्हणजे जेवल्यावर जेव्हा सोडणं बंद पाहिजे तेव्हाही फॅटी अ‍ॅसिड सुटतच राहतात, दिवसा, रात्री, केव्हाही. आणि पोटाच्या आतल्या, आतड्याभोवतीच्या चरबीतून सुटलेले तर सरळ लिवरच्या दारात जातात.

तुम्ही कापसाच्या गावच्या आहात म्हणून त्यातलंच सांगते. भाव येईल भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवला, आधी एक खोली, मग दुसरी, मग माणसं झोपतात तीच खोली, तर फेब्रुवारीपर्यंत घरातल्या सगळ्यांना खाज सुटते की नाही, लेकरांच्या अंगावर पुरळ येते की नाही. कापूस काही विष नाही हो, तो आपलाच, वेचून आणलेला, पण जिथे राहायला पाहिजे त्यापेक्षा जास्त झाला आणि माणसांच्या अंथरुणात शिरला. आता त्या खाजेवर मलम लावत बसायचं की दोन गाड्या कापूस विकून खोली मोकळी करायची? मलम लावू नका असं मी म्हणत नाही, पण आधी गाडी बोलवा ना.

ही खाज, म्हणजे शरीराची चिडचिड, कोण करते तेही सापडलेलं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या टीमला लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा नावाचं दाह पेटवणारं रसायन सापडलं. तोपर्यंत चरबी म्हणजे मुकाट पडलेला साठा असाच समज होता. मग २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की लठ्ठ शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन गर्दी करतात. बारीक उंदरांच्या चरबीत या पेशी शंभरात दहापेक्षाही कमी, खूप लठ्ठ उंदरांच्या चरबीत निम्म्याहून जास्त. एवढी फौज तिथे जंतू नसताना उभी आहे, आणि फौज उभी आहे म्हटल्यावर ती काहीतरी करणारच.

त्यात फॅटी अ‍ॅसिडचा हात कसा, तर आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा एक रिसेप्टर असतो, त्याचं काम मुळात जंतूंच्या कवचातली चरबी ओळखून अलार्म वाजवणं. शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की लिवरमधून निघणारं फेट्युइन-ए नावाचं प्रोटीन रक्तातल्या फॅटी अ‍ॅसिडला त्या रिसेप्टरशी जोडून देते, म्हणजे जंतू नाही, ताप नाही, तरी अलार्म चालू. आपल्याच देशात लागलेला शोध आहे हा, मला उगाच बरं वाटते सांगताना. प्रयोगशाळेत पेशींवर पामिटिक अ‍ॅसिडसारखं सॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड टाकलं की त्या भडकतात, आणि फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात भरपूर असते ते ओलिक अ‍ॅसिड टाकलं तर तशा भडकत नाहीत, हेही दिसलेलं आहे. अलार्म वाजला की टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असले निरोप रक्तात सुटतात, इंटरल्युकिन-६ चा निरोप लिवरला पोचला की लिवर सीआरपी बनवते, तेच तुमच्या रिपोर्टात ४.६ आलं. आणि हे निरोप उलट इन्सुलिनचं काम आणखी बिघडवतात, की चरबीच्या पेशींतून आणखी चरबी सुटते, की आणखी अलार्म. गोल गोल फिरत राहते हे सगळं, आणि तुमची १०८ शुगर या फेऱ्यातच आहे, वेगळी नाही.

इथपर्यंत जाऊबाई जिंकल्या. आता पुढचं ऐका.

तुमच्या रिपोर्टात पामिटिक अ‍ॅसिड "हाय" आहे ते टक्क्यात दिलेलं आहे, नीट पाहा, पुढे टक्क्याचं चिन्ह आहे. म्हणजे रक्तातल्या एकूण फॅटी अ‍ॅसिडमध्ये पामिटिकचा वाटा किती. एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप कमी दिसतो, दुसऱ्याचा कमी झाला की याचा जास्त दिसतो. एकूण चरबी किती हे त्यातून कळतच नाही. ते ट्रायग्लिसराइड सांगते. आणि त्याहून मोठी गोष्ट, जी कॅम्पमध्ये कोणीच सांगत नाही: रक्तातलं पामिटिक अ‍ॅसिड म्हणजे तुम्ही खाल्लेलं तूप किंवा पामतेल एवढंच नाही, ते लिवर स्वतः बनवते. कशापासून? साखरेपासून, भातापासून, मैद्यापासून. गरजेपेक्षा जास्त साखर-स्टार्च आला की लिवर त्याचं फॅटी अ‍ॅसिड करते आणि त्या कारखान्यातून पहिला माल निघतो तो पामिटिकच. ओमेगा-६, म्हणजे बियांच्या तेलात भरपूर असणारा चरबीचा गट, त्यातलं लिनोलिक अ‍ॅसिड मात्र शरीराला बनवताच येत नाही, ते फक्त खाण्यातूनच येते. म्हणून रक्तातल्या लिनोलिकवरून माणूस कोणतं तेल खातो याचा अंदाज येतो पण पामिटिकवरून तेलाचा अंदाज बांधायला गेलं की हमखास फसते, कारण त्यात चहाही आहे, आलुबोंडाही आहे आणि उपवासाचा साबुदाणाही आहे.

तुम्ही लिहिलंय दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरा, ५० ग्रॅम झाली, महिन्याला दीड किलो, एकट्या तुमची, फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असली तर उत्तम. तुमच्या ट्रायग्लिसराइडचं आणि पामिटिकचं पहिलं खातं मी इथे उघडीन, तेलाच्या पिपाजवळ नंतर जाऊ. शिलाईचं काम करताना येणाऱ्या बायांना चहा द्यावा लागतो आणि आपणही सोबत घेतो हे मला माहीत आहे, नाही म्हणता येत नाही. द्या त्यांना. तुमचा कप अर्धा करा, साखर आधी एक चमचा करा, मग अर्धा. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी दुप्पट घालाल.

आता सरकी. सरकीच्या तेलानं अंगात सूज येते हे मोबाइलवर फार फिरते, ओमेगा-६ म्हणजे आग असं. कागदावर ते बरोबर दिसते कारण ओमेगा-६ पासून शरीर अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बनवते आणि त्यापासून दाहाची रसायनं बनतात. पण माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, लिनोलिक वाढवून दिलं, तर सीआरपी वगैरे वाढलेले दिसले नाहीत, कारण अ‍ॅराकिडोनिक किती बनवायचं यावर शरीराचा कडक ताबा असतो, आणि त्याच अ‍ॅराकिडोनिकपासून सूज उतरवणारी रसायनंही बनतात, हे रील बनवणारे सांगत नाहीत. म्हणून तो ६ आणि ३ चा रेशो मी फार मनावर घेत नाही. रेशो दोन कारणांनी बिघडतो, वरचा आकडा जास्त किंवा खालचा कमी, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा खालचा कमी असतो. वरचा कापायचा नाही, खालचा वाढवायचा.

तरी सरकीबद्दल एक खरं आहे की तिच्यात पामिटिक बाकी तेलांपेक्षा जास्त, साधारण पावभर हिस्सा, सोयाबीन तेलात दहा-अकरा टक्के असते. पामतेलात तर चाळीस टक्क्यांच्या वर, आणि पामतेल तुम्ही आणत नसाल तरी ते घरात येतेच, टोस्ट, खारी, फरसाण, बिस्किट, गावातल्या हॉटेलातल्या भज्यांच्या कढईतून. फल्लीचं आणि सरकीचं आलटून पालटून वापरा, करडीचं घाण्याचं मिळत असेल तर तेही मध्येमध्ये. डालडा घरात असेल तर पहिले तो काढा, जरी २०२२ पासून सरकारनं ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली असली तरी त्यात चांगलं काही नाही. आणि तळलेलं तेल परत परत तापवू नका, पापड-कुरड्यांचं उरलं तर फोडणीत एक-दोन दिवसात संपवा.

पण ताई, तेल कोणतं यापेक्षा किती हा प्रश्न मोठा आहे. तुम्ही लिहिलंय की १५ किलोचा पिपा पाच माणसांना दोन महिने पुरतो. हिशोब करा, महिन्याला साडेसात किलो, माणशी दीड किलो, म्हणजे दिवसाला माणशी ५० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब बैठं काम करणाऱ्याला २०-२५ ग्रॅमचा आहे. दुप्पट झालं ना. आपल्याकडे भाजीवर तर्री दिसली नाही तर पाहुणा समजतो की बाई चिकट आहे, हे मीही ऐकत मोठी झाले. पाहुण्याला तर्री द्या, रोजची वांग्याची भाजी कमी तेलात होते, कांदा-टमाटर झाकून वाफेवर शिजवा, सांभार (कोथिंबीर) वरून टाका. पुढचा पिपा आणला की त्यावर तारीख लिहून ठेवा, दोनाचे तीन महिने झाले तरी मी म्हणीन जिंकल्या. चारवर न्यायचं ते नंतर.

मालकांचं तूप. मालक पूर्ण चूक नाहीत आणि पूर्ण बरोबर तर मुळीच नाहीत. तूप म्हणजे बहुतेक सॅच्युरेटेड चरबी, पामिटिक त्यातही भरपूर. पण दुधाची गोष्ट जरा वेगळी निघाली आहे. २०१४ मध्ये युरोपातल्या ८ देशांच्या मोठ्या अभ्यासात रक्तातले फॅटी अ‍ॅसिड मोजले होते, त्यात पामिटिकसारखे ज्यांच्या रक्तात जास्त त्यांना पुढे डायबिटीस जास्त झाला, पण दुधातून येणारे १५ आणि १७ कार्बनवाले सॅच्युरेटेड ज्यांच्यात जास्त त्यांना उलट कमी. यावरून दूध-दही खाल्लं म्हणून डायबिटीस टळतो असं नाही म्हणता येत, नुसतं सोबत दिसलं एवढंच, पण सगळ्या सॅच्युरेटेडला एकाच काठीनं हाकू नये एवढं नक्की. तुम्ही दही खा, ताक प्या, वरणावर एक छोटा चमचा तूप घ्या, आणि तो चमचा तेलाच्या हिशोबात धरा. तेल आहे ते आहे आणि वरून तूप, हे नाही चालणार. आणि मालकांना माझ्याकडून विचारा की त्यांनी स्वतःची शुगर शेवटची केव्हा तपासली. बारीक दिसतात म्हणून सुटका नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या लोकांचं असंच आहे, हात-पाय काड्या आणि पोटात साठा. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात, कंबर बायांची ८० आणि माणसांची ९० सेंटीमीटर. तुमचा बीएमआय साडेतीसच्या वर आहे, मालकांची कंबर टेपनं मोजा, टेप तर तुमच्या मशीनवरच लटकलेली असते.

कॅप्सूल. मासळीच्या तेलातलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चे दोन प्रकार, शरीरात सूज उतरवणारी रसायनं बनवायच्या कामी येते हे खरं आहे, रिझॉल्विन म्हणतात त्यांना. पण साध्या १००० मिलिग्रॅमच्या फिश ऑइल कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बहुतेक ३०० मिलिग्रॅमच असते, बाकी नुसतं तेल. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. मोठा डोस डॉक्टर ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यावर देतात, तुमचं २१२ आहे, ते चहातली साखर, भात आणि वजन कमी करून खाली येण्यासारखं आहे. कॅप्सूलनं सीआरपी कमी होण्याचा परिणाम अभ्यासात थोडासाच आणि कधी दिसतो कधी नाही. आणि जास्त डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी विचारून. तीन महिन्याच्या कोर्सचे जे पैसे तुम्ही लिहिले त्यात तुमच्या घरी वर्षभराचे जवस, फल्लीदाणे आणि अंडी येतील.

जवस. आपल्या विदर्भाचं पीक आहे ते आणि आपणच विसरून राहिलो. आजीच्या काळी जवसाच्या चटणीशिवाय भाकर नव्हती. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असते, त्याला एएलए म्हणतात. ते मासळीतल्या ईपीएसारखं तयार नसते, शरीराला त्यातून थोडंसंच ईपीए बनवता येते, म्हणून जवस खाल्ला की कॅप्सूलची बरोबरी झाली असं मी म्हणणार नाही. पण रोज एक मोठा चमचा भाजून कुटलेला जवस घेतला तर दीड ग्रॅमच्या आसपास एएलए आणि वर फायबर, हे फुकटात पडते. अख्खा खाऊ नका, जसाच्या तसा बाहेर निघतो. थोडी थोडी चटणी कुटा, महिनाभराची एकदम करून ठेवली की खवट होते. मासोळी खात असाल तर तलावाची रोहू-कटला आठवड्यात एक-दोनदा, तळून नाही, रस्सा करून.

जाऊबाईंना काय सांगायचं? भांडू नका, रिपोर्ट चुकीचा, कंपनी खोटी असलं काही बोलू नका, ते त्यांच्या पोटापाण्याचं आहे. एवढंच म्हणा, "बाई, माही शुगर वाढेल हाय, डॉक्टरनं म्हटलं तीन महिने खाणंपिणं सुधारून पाय, मंग परत तपासू, तोवर नवीन काहीच घेऊ नोको." यात एक शब्द खोटा नाही, फक्त डॉक्टरकडे खरंच जा म्हणजे झालं. आणि त्यांना म्हणा सकाळी माझ्यासोबत फिरायला चला. आल्या तर बरं, नाही आल्या तर विषय आपोआप बंद.

खोली मोकळी करायची म्हणजे किती? फार नाही. तुमच्या ७१ किलोतले साडेतीन ते पाच किलो, म्हणजे ५ ते ७ टक्के, एवढं उतरलं तरी इन्सुलिन परत ऐकायला लागते, ट्रायग्लिसराइड उतरते, सीआरपीही सहसा खाली येते. सहा महिने धरा त्याला. गुडघ्याचंही सांगते, एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, हे मोजलेलं आहे, म्हणून गुडघे दुखतात म्हणून चालत नाही हे उलटं करा.

चालणं कसं, तर जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं, दोन्ही वेळेला, अंगणातच चालल्या तरी चालते. त्यावेळी रक्तात साखर आणि चरबी दोन्ही फिरत असतात, स्नायू हलले की ते उचलून घेतात. सकाळचं वेगळं अर्धा तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नऊ वाजता बाहेर पाय ठेवणं नाही होत, मग साडेपाचला नाहीतर रात्री जेवून. मशीनवरून तासाभरानं उठाच, ब्लाऊजचा गळा अर्धा राहिला तरी उठा. शेतात जायच्या तेव्हा निंदण-वेचणीत दिवसभर अंग हलायचं, आता तेच खाणं आणि अंग बसलेलं, सगळं गणित इथे फिरलं आहे.

ताटात भात एक वाटी, भाकर एक-दीड, वरण घट्ट, पाण्यासारखं नाही. बरबटी (चवळी), मोट (मटकी), हरभरे, अंडं, काहीतरी एक दोन्ही वेळेला. गुरुवारचा उपवास सोडा असं मी कशाला म्हणू, पण साबुदाणा, आलूचे चिप्स, शेंगदाण्याचा लाडू, वर दोनदा चहा, याला उपवास म्हणायचं असेल तर देव बिचारा काय बोलणार. भगर आणि ताक घ्या. आणि उपवासाच्या दिवशी किंवा वजन उतरत असताना रक्तातले सुट्टे फॅटी अ‍ॅसिड थोडे वाढतात, साठा बाहेर निघतो म्हणूनच वाढतात, त्या दिवशी कोणी टेस्ट करून घाबरवलं तर घाबरू नका.

सीआरपी ४.६ बद्दल आणखी एक. एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीची जास्त बारीक मोजणी, १ च्या खाली चांगली, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेली तर बहुतेक कुठेतरी इन्फेक्शन आहे. पण तुम्ही लिहिलंय कॅम्पच्या आठवड्यात सर्दी-खोकला होता, आणि एक दाढ हलते. ही दोन्ही कारणं सीआरपी वाढवायला पुरेशी आहेत. अंग पूर्ण बरं असताना परत करा, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केली तर उत्तम, तेव्हाच त्या आकड्याला अर्थ. दाढ दाखवा. आणि रागावू नका पण विचारते, खर्रा (सुपारी-तंबाखू) खाता का? मशीनवर बसून खाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. हिरड्या सडल्या की तिथूनही सूज रक्तात शिरते, तिथे जवसाची चटणी काय करेल.

आता डॉक्टरांकडे. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तीसच्या वरच्या सगळ्यांची बीपी-शुगर फुकट तपासतात, तिथून सुरुवात करा, आशाताईंना विचारा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करायला सांगा, थायरॉइडचं टीएसएच करा कारण अंग गळणं आणि वजन दोन्ही त्यानंही होते, लिवरचं एसजीपीटी पाहा, जमलं तर पोटाची सोनोग्राफी, फॅटी लिवर निघाला तर नवल नाही. पायावर बोट दाबून खड्डा पडत असेल, सकाळी डोळ्याखाली सूज असेल, चालताना दम लागत असेल तर हे सगळं वाचणं बाजूला ठेवा आणि आधी बीपी, लघवीची तपासणी आणि किडनीचं क्रिएटिनिन करून घ्या, ती सूज फॅटी अ‍ॅसिडची नसते. दारव्ह्याला नाही जमलं तर यवतमाळला जा, लांब जायची तयारी असेल तर सेवाग्रामला दाखवा.

तीन महिन्यांनी परत करायचं ते एवढंच: वजन, कंबर, उपाशी शुगर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड. फॅटी अ‍ॅसिडवाली महागडी टेस्ट परत करू नका, कोणी फुकट करून देतो म्हटलं तरी नको, कारण पामिटिक दोन टक्क्यांनी खाली आलं काय आणि वर गेलं काय, त्यावरून तुम्हाला उद्या सकाळी वेगळं काहीच करायचं नाही. कंबर ९८ ची ९४ झाली की मला कळवा.